वरातीचा तुकडा

रूथबाई साळवे पियानोच्या बाकावर नेहमी डाव्या अर्ध्यावर बसायच्या. बाक चांगला दोन माणसांचा, बाई अंगानं काडी, तरी अशा कडेला सरकून बसायच्या की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी यायचं आहे आणि त्याला जागा धरून ठेवली आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, ती माझ्यासाठी. मी जाऊन टेकलो.

"उठा," बाई म्हणाल्या. "ती साळवेसरांची जागा आहे."

"सर कुठं गेलेत?"

"वर," असं म्हणून बाईंनी वाजवायला सुरुवात केली.

हे शॉमबर्गातलं. शिकागोच्या बाहेर, आपली कॉम्प्युटरवाली पोरं राहतात ते गाव. साल दोन हजार चार असेल. माझा मुलगा आणि सून सकाळी आपापल्या गाडीत बसून जायचे, नात शाळेत. घरात मी आणि फ्रिजचा आवाज. मी नगर डेपोचा ड्रायव्हर. घाटात, धुक्यात, लोकांच्या शिव्या खात एसटी चालवलेला माणूस. इथं मला लेकराला बांधावं तसं मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधायचे. त्यापेक्षा पायी हिंडलेलं बरं. पायी जाण्यासारखं ठिकाण एकच, गावचं वाचनालय. मी चौथी शिकलो, इंग्रजी पुस्तकाशी माझा काय संबंध? पण तिथं ऊब असायची आणि कुणी "काय पाहिजे" म्हणून विचारायचं नाही.

त्या वाचनालयाला मागं एक हॉल होता. दुपारचा रिकामा असे. एकदा आतून वाजवल्याचा आवाज आला आणि त्यावर एक बाई मोठ्यानं मोजत होती. "एक दोन तीन, एक दोन तीन, अगं ए, कुठं पळतेस, एक दोन तीन." स्वतःच्याच बोटांना दटावत होती. आकडे मराठी, आणि बोलण्याची ढब आमच्या नगरची. मी दार ढकललं. जांभळ्या काठाची साडी, वर मुलाचा जाड कोट, पायात बर्फातले बूट, आणि चष्म्याला दोरी.

"कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.

"नगर. तुम्ही?"

"नगर डेपो. शिंदे ड्रायव्हर."

"बरोबर. दार न वाजवता घुसलात तेव्हाच वाटलं."

बाई नगरला मिशनच्या शाळेत गाणं आणि शिवण शिकवायच्या. साळवेसर तिथंच गणित शिकवायचे. आता सर नव्हते आणि बाई मुलाकडं, प्रदीपकडं आल्या होत्या. प्रदीपच्या घरात पियानो नव्हता, म्हणून रोज दुपारी वाचनालयात.

"पान उलटायला येतं का?" त्यांनी मला दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी विचारलं.

"मला ते वाचता येत नाही."

"वाचायचं नाहीये. मी मान हलवली की उलटायचं. कंडक्टरनं घंटी दिली की गाडी सोडत होता ना? तेवढंच."

तेव्हापासून मी त्यांच्या डाव्या अंगाला उभा राहून पानं उलटत असे. उशीर झाला तर बाई वाजवता वाजवता म्हणायच्या, "स्टँड गेलं की हो मागं!" लवकर उलटलं तर म्हणायच्या, "प्रवासी चढू द्या." पण वाजवणं थांबवायच्या नाहीत. कधीच नाही. "वरचा चुकला तरी खालच्यानं थांबायचं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. भाजी करपली तरी तेच, प्रदीपची नोकरी जायची पाळी आली तरी तेच.

ह्या वाक्याचा अर्थ मला त्या पुस्तकावरून कळला. पुस्तक दोघांनी एका पियानोवर बसून वाजवायचं. डाव्या पानावर खालच्या सुरांचं, ते बाईंचं. उजव्या पानावर वरच्या सुरांचं, ते सरांचं. सर गेल्यावर बाई आपलंच पान वाजवायच्या. उजवं पान उघडं असायचं, पण त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यामुळं मला ऐकू यायचं ते अर्धंच. भिंती उभ्या आहेत आणि छप्पर नाही, असं.

पुस्तक त्यांना लग्नात मिशनच्या एका अमेरिकन मिसबाईनं दिलेलं. मिसबाई मायदेशी परत निघाल्या होत्या, सामान वाटत होत्या. कव्हर आणि पुढची पानं वाळवीनं खाल्लेली. आत कुठं कुठं जर्मन अक्षरं, ती नगरमध्ये वाचणार कोण?

"हे नाटकाचं संगीत आहे, एवढं मिसबाईला ठाऊक होतं," बाई सांगायच्या. "आपल्यासारखी त्यांच्या नाटकात पात्रं गात नसत. पात्रं नुसती बोलायची. पडदा पडला, कुणी रडलं, कुणी घोड्यावरून आलं, की खाली बसलेले वाजवायचे. ते हे."

"नाटक कुठलं?"

"ते वाळवीला माहीत."

मग त्या दोघांनी नाटक स्वतःच रचलं होतं. सुरांवरून. आधी सर म्हणाले, हा पाण्याचा आवाज आहे. बाई म्हणाल्या, पाणी आहे तर विहीर आहे, विहीर आहे तर बाई आहे. असं करत करत वर्षं गेली आणि एक अख्खी गोष्ट झाली. किल्लेदाराची एकुलती एक मुलगी. विहिरीवर तिला परका शिपाई भेटतो, जखमी. ती त्याला पाणी देते. मग घोडेस्वार येतात. मग बापलेकीचं भांडण. मग बाप विरघळतो आणि पोरीची वरात निघते. प्रत्येक तुकड्याला नाव होतं. विहिरीचा तुकडा, घोड्यांचा तुकडा, भांडणाचा तुकडा, वरातीचा तुकडा. शाळेत पोरांना शिकवताना सुद्धा त्या अशाच सांगायच्या, "उद्या भांडण पाठ करून या."

वरातीचा तुकडा संथ होता. भारदस्त. मोठ्या माणसानं हात धरून चालवावं असा. मिशनच्या चर्चमध्ये कुणाचंही लग्न असलं की नवरी आत यायची ती ह्याच तुकड्यावर. सर वर, बाई खाली. तो वाजवताना बाईंच्या तोंडी नावं यायची. "ह्यावर सुमन चालली. ह्यावर उजवणेंची धाकटी, साडीत पाय अडकून पडली होती. ह्यावर प्रमिला." प्रमिला म्हणजे त्यांची थोरली मुलगी. तिचं नाव घेतलं की त्या जरा जोरात वाजवायच्या. ती आता हयात नाही एवढं मला प्रदीपकडून कळलं होतं. जास्त मी विचारलं नाही.

एकदा आमच्या मुलानं घरी सत्यनारायण घातला. पन्नास माणसं, चपलांचा ढीग. बाई आल्या, प्रसाद घेतला, कोपऱ्यात बसल्या. माझ्या नातीचा छोटा इलेक्ट्रिकचा पियानो होता. कुणीतरी पुण्याचा पोरगा म्हणाला, "काकू, तुम्ही वाजवता ना? यार, काहीतरी फिल्मी होऊन जाऊ दे."

बाईंनी घोड्यांचा तुकडा वाजवला. अर्धाच, पण धुरळा उडाला. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

"मस्त! कुठल्या पिक्चरमधलं, काकू?"

"पडलेला पिक्चर आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या जन्माच्या आधी उतरला."

मग नातीकडं वळून म्हणाल्या, "मनगट वर. तू वाजवतेस का कणीक मळतेस?"

"आजी, आय नो!"

"नो असेल तर दाखव."

त्याच हिवाळ्यात कॅरलबाई आल्या. गोऱ्या, उंच, कुठल्याशा कॉलेजात संगीत शिकवून रिटायर झालेल्या. शनिवारी त्या हॉलमध्ये मुलांना शिकवायच्या. एकदा लवकर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. वाजवून झाल्यावर रूथबाईंशी इंग्रजीत बोलल्या, पुस्तक बघितलं, आणि बाकाच्या मोकळ्या अर्ध्याकडं बोट केलं. मला वाटलं, आता हिलाही "उठा" ऐकायला मिळणार. रूथबाईंनी चष्मा पुसला. मग पदर सावरून आणखी थोड्या डावीकडं सरकल्या.

त्या दिवशी मी पहिल्यांदा अख्खं संगीत ऐकलं. पान उलटायचंच विसरलो. बाईंनी पहिल्यांदाच मला काही म्हटलं नाही.

कॅरलबाईंनी काही पानांच्या झेरॉक्स काढून नेल्या. हे काय आहे, ते शोधते म्हणाल्या. रूथबाई मला म्हणाल्या, "शोधू दे बापडीला. आम्हाला ठाऊकच आहे." पण नंतर दर शनिवारी त्या दाराकडं बघायच्या.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा कॅरलबाई खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. सापडलं होतं. त्या बोलायच्या, थांबायच्या, आणि रूथबाई मला मराठीत सांगायच्या.

"म्हणते, जर्मनीतलं नाटक. पावणेदोनशे वर्षं होत आली. लिहिणाऱ्याला आता तिकडंही कुणी ओळखत नाही. चार-दोन खेळ झाले आणि पडलं."

"आणि संगीत?"

"संगीत तेवढं लोकांनी घरी नेलं. तेव्हा रेकॉर्डी नव्हत्या ना. घरात दोघांनी बसून वाजवायचं, म्हणून अशी पुस्तकं छापायचे."

"गोष्ट काय, ते विचारा."

कॅरलबाई बोलल्या आणि रूथबाईंनी मांडीवर हात मारला. "शिंदेभाऊ, किल्ला आहे! आमचा किल्ला बरोबर निघाला."

"बरं, पुढं?"

"किल्लेदाराची मुलगी. एकुलती एक! आता बोला. विहीर... विहीर नाही, झरा आहे. असू दे, पाणी तर आहे. तिथं शत्रूचा शिपाई, जखमी. ती त्याला लपवते."

"आणि घोडे?"

"आहेत ना घोडे! त्याला शोधायला बापाची माणसं येतात." बाईंचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. "भांडणसुद्धा आहे. सर म्हणायचेच, इथं बापाचा आवाज आहे. ऐकायला पाहिजे होते हो आज सर."

कॅरलबाई पुढं सांगत राहिल्या. सांगता सांगता त्यांनी आवाज खाली आणला. रूथबाई ऐकत होत्या. मराठीत काही येईना.

"पुढं काय?" मी म्हणालो. "बाप तयार झाला का लग्नाला?"

बाईंनी पुस्तक मिटलं.

"शिंदेभाऊ, माझा कोट द्या."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो. प्रदीप त्या दिवशी घरून काम करत होता. त्यानं मला दारातच सांगितलं.

"काका, ती वरात नाहीये. तो बापच तिथला जज असतो. शत्रूला लपवलं म्हणून तो स्वतःच्या मुलीला शिक्षा देतो. तिला मान कापायला घेऊन जातात, तेव्हाचं म्युझिक आहे ते. मी आईला सांगतोय, इट्स जस्ट अ ट्यून. पण ऐकत नाही."

बाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो, मीही सोलायला घेतले.

"प्रमिला ह्या तुकड्यावर चालली," बाई म्हणाल्या. "मी वाजवत होते म्हणून मागं वळून बघितलं नाही. पोरगी कशी दिसत होती, ते लोकांनी मला नंतर सांगितलं. जावई रेल्वेत, बिलासपूरला. वर्ष भरलं नाही. पहिलंच बाळंतपण." त्यांनी एक शेंग नखानं उघडली. "माझ्या हातांनी मी तिला कुठं पोचवली, सांगा."

मला असल्या बोलण्याचा राग येतो. मी म्हणालो, "बाई, त्या तुकड्यावर नगरचं अर्धं मिशन चाललं. मेलं का सगळं? आमच्या डेपोतल्या कदम क्लार्कचं लग्न तुमच्याच चर्चमध्ये लागलं. त्याची बायको इतकी धडधाकट आहे की त्याला अजून तोंड उघडू देत नाही."

बाई हसल्या नाहीत. "त्या लोकांच्या मुली. प्रमिला माझी."

"तो जर्मन कुठं नगरला आला होता? त्यानं कशासाठीही लिहिलं असेल. तुम्ही ज्यासाठी वाजवलंत, ते खरं."

"वाजवताना खरं वाटत होतं."

"वरचा चुकला तरी खालच्यानं थांबायचं नसतं, हे कोण म्हणतं?"

"वरचा चुकला नाही, शिंदेभाऊ," बाई म्हणाल्या. "दोघंही चुकलो. सर सुटले. मला कळायचं राहिलं होतं."

वाटाणे संपले तसा मी उठलो.

बाईंनी वाचनालय सोडलं. मी मात्र जात होतो. हॉलचं दार उघडून बघायचो. पियानो बंद, बाक आत सरकवलेला. कॅरलबाई भेटल्या की हातानं "कुठं?" असं विचारायच्या, मी हातानंच "नाही" म्हणायचो. त्या बिचारीला वाटत होतं की आपण आनंदाची बातमी आणली. तिनं पुढची तयारीही करून ठेवली होती. तिच्या जुन्या कॉलेजातली मुलं ते संगीत अख्खं, सगळी वाद्यं घेऊन वाजवणार होती. मधेमधे एक जण नाटकाची गोष्ट वाचून दाखवणार. रूथबाईंना पुढच्या रांगेत बसवायचं, असं तिनं ठरवलं होतं. प्रदीपनं तिला कळवून टाकलं की आई येणार नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी जेवण झाल्यावर आमच्याकडं फोन वाजला.

"शिंदेभाऊ, कपडे घाला. प्रदीप गाडी काढतोय."

बाई पांढरी साडी नेसून आल्या होत्या. ह्यांच्यात लग्नालाही पांढरी आणि मातीलाही पांढरी, एवढं मला नगरमध्ये राहून ठाऊक होतं. आज कुठली, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

कॉलेजचा हॉल मोठा, माणसं निम्म्यापेक्षा कमी. स्टेजवर पोरंपोरी काळ्या कपड्यात. एक मुलगी उभी राहून इंग्रजीत वाचायची, बसायची, मग वाजवणं. मला तिचं काही कळत नव्हतं, पण विहीर आली ते मला कळलं, घोडे आले ते कळलं. खालचा हात मला पाठ होता. आता तो मोठमोठ्या सारंग्यांच्या पोटातून येत होता आणि वर इतकं काही चाललं होतं की मला वाटलं, हे दोघं नवराबायको एका पियानोवर एवढं सगळं ऐकत होते काय? मी बाईंकडं बघितलं. त्या शेतावर राखणीला बसल्यासारख्या ताठ.

भांडण संपलं. मुलगी वाचायला उठली. तिनं थोडंच वाचलं. मग एकट्या ढोलावर एक एक ठोका पडायला लागला, आणि वाद्यं त्याच्यामागून हळू उचलली गेली. वरातीचा तुकडा. बाई वाजवायच्या त्याच्या निम्म्या चालीनं.

बाई उभ्या राहिल्या.

प्रदीपनं पदर धरला. "आई, बस ना. लोक बघतायत."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. मागून कुणीतरी "मॅम, प्लीज" म्हणालं. मी आयुष्यभर बसून नोकरी केली, पण बाई उभी आणि मी बसलेला, हे मला जमत नाही. मी पण उठलो. मागचा गप्प झाला. बाईंचे हात खाली सरळ होते. बोटं हलत नव्हती. तोंडानं मोजत नव्हत्या. स्टेजवरून एका कडेकडून दुसऱ्या कडेला कुणीतरी चाललं आहे आणि आपण ते बघतो आहोत, अशी त्यांची मान हळूहळू डावीकडून उजवीकडं वळत गेली. शेवटचा ठोका विरला तेव्हा त्या बसल्या.

कार्यक्रम सुटला. कॅरलबाई डोळे पुसत आल्या, रूथबाईंचे दोन्ही हात धरले. रूथबाई इंग्रजीत त्यांना एवढंच म्हणाल्या, थँक यू. मग प्रदीप गाडी आणायला गेला आणि आम्ही दोघं बाहेर पायरीवर थांबलो. ऊन उतरलं होतं.

मी विचारलं, "चर्चमध्ये नवरी आत आली की सगळे उभे राहतात. तसं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "प्रमिलाच्या मातीला मी नव्हते. तार आली तेव्हा तिकडं उरकलंही होतं. आम्ही पोचलो तर नुसती ओली माती. कुणी काय म्हटलं, कोण उभं होतं, काही वाजवलं का, मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आज चालली माझ्यापुढून. लग्नात बघितली नव्हती, आज बघितली. शेवटपर्यंत उभी राहिले मी." मग कठड्याला टेकल्या. "पाय भरून आले हो."

मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकलो.

त्यानंतर लवकरच प्रदीपची नोकरी बदलली आणि ते सगळे तिकडं दक्षिणेला, मॉरिसव्हिलला गेले. सामानाच्या गडबडीत भेट झाली नाही. पुढं बाई गेल्याचं कळलं ते फोनवरच, आणि मी तेव्हा नगरला होतो. त्यामुळं मला बाई आठवतात त्या कार्यक्रमाच्या दिवशीच्याच.

त्या दिवशी परत जाताना मला न्यायला माझा मुलगा यायचा होता, म्हणून मी पायरीवरच थांबलो. प्रदीपनं गाडी पुढं आणली. बाई पुढच्या सीटवर बसल्या, काच खाली केली. मला वाटलं, आता निरोपाचं काही म्हणतील. पण त्या प्रदीपकडं वळल्या.

"हळू घे."

"आई, मागं सगळे आहेत."

"असू देत. हळू घे."

त्यानं हळू घेतली. माणसाच्या चालीनं. बाहेर पडायला रस्ता एकच होता. त्यांच्यामागं एक गाडी लागली, तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. सांज झाल्यामुळं सगळ्यांनी दिवे लावले होते. गाड्या लावायच्या त्या मोठ्या मैदानाच्या कडेकडेनं गाड्यांची लांब रांग झाली आणि पुढं बाईंची पांढरी साडी काचेत दिसत राहिली. रस्त्यावर जन्म काढलेला माणूस मी. एवढी हळू रांग पुढं दिसली की माझा हात आपोआप हॉर्नवर जायचा. त्या दिवशी शेवटची गाडी वळेपर्यंत मी बघत होतो. एकानंही हॉर्न वाजवला नाही.